तोल कानाचा, भार डोळ्यांवर

मागच्या अंकात चक्कर आणि भोवळ यातला फरक लिहिला होता. त्यानंतर जी पत्रं आली त्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत परत परत दिसली, की साठीनंतर तोल पूर्वीसारखा राहत नाही आणि त्याच्याच आसपास हलत्या गोष्टींवर नजरही नीट टिकेनाशी होते. पण लोकांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, एकासाठी कान तपासून घेतात आणि दुसऱ्यासाठी चष्म्याचा नंबर. मी तोलाच्या तक्रारी असलेल्या पेशंट्सना वीस वर्षं व्यायाम देतेय आणि मला तरी हे दोन्ही कधी वेगळे करता आलेले नाहीत. म्हणून या वेळी सगळी पत्रं याच विषयावरची घेतली.

मॅडम नमस्कार, वय ७१. रोज पाऊण तास चालतो, शुगर बीपी कंट्रोलमध्ये आहे. पण वर्षभर झालं, बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मागे जातोय असं वाटतं आणि भिंतीला हात लावावा लागतो. रात्री लाइट न लावता उठलो तरी तेच. आणि गर्दीत दोन्ही बाजूंनी माणसं येत-जात असली की मीच हलतोय असं वाटतं. कान तपासले, वयाप्रमाणे ठीक आहेत म्हणाले. पाय मजबूत आहेत, मग होतंय काय?

काका, तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात पण माझ्या मते ती एकच आहे. तुमचा तोल आता जवळजवळ सगळा डोळ्यांच्या भरवशावर चाललाय.

आपण सरळ उभे आहोत की नाही हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. पहिलं ठिकाण म्हणजे कानाच्या आतला भाग, तिथे दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव असतो, डोकं वळलं की द्रव जरा मागे राहतो आणि त्या धक्क्याने केसांसारखे तंतू असलेल्या पेशी वाकतात, यावरून डोकं कुठे आणि किती वेगाने वळलं ते कळतं. नळ्यांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यात चुन्याचे बारीक खडे असतात, ते डोकं कुठे कललंय आणि आपण पुढेमागे वरखाली सरकतोय का ते सांगतात. दुसरं ठिकाण तळपाय, घोटे आणि पायाचे स्नायू, जमीन कडक आहे का उतरती आहे, वजन टाचेवर आहे का बोटांवर, ही सगळी बातमी तिथून येते. तिसरे डोळे. मेंदू या तिघांचं ऐकतो, ताडून बघतो, आणि ज्याची बातमी त्या वेळी जास्त पक्की वाटते त्याच्यावर जास्त विसंबतो.

आता वयाबरोबर काय होतं, तर कानातल्या त्या केसांच्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि माणसात त्या पुन्हा कामापुरत्या उगवत नाहीत. तळपायाचं स्पर्शज्ञानही बोथट होतं, डॉक्टर धातूचा थरथरता काटा (ट्यूनिंग फोर्क) घोट्यावर टेकवून थरथर कळतेय का विचारतात ना, ती कळणं वयानुसार कमी होतं आणि डायबिटीस किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर अजूनच कमी. म्हणजे तिघांपैकी दोघांचा आवाज बारीक झाला. मेंदू मग तिसऱ्याचंच ऐकायला लागतो. हे इतकं सावकाश होतं की दिवसाउजेडी, सपाट रस्त्यावर तुम्हाला पत्ताही लागत नाही. साबणाने डोळे मिटले की मात्र एकदम उघडं पडतं. १९व्या शतकात मोरित्झ रोम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हेच टिपलं होतं, ज्यांच्या पायांची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही ते पेशंट डोळे मिटताच डोलायला लागतात, आणि पाय जुळवून डोळे मिटून उभं करायची ती टेस्ट आजही त्यांच्याच नावाने करतात.

गर्दीतलं पण तेच. स्टेशनवर थांबलेल्या गाडीत बसलेलं असताना शेजारची गाडी सुटली की क्षणभर आपलीच सुटली असं वाटतं, हे तर सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. डोळ्यांसमोरचा मोठा भाग एका दिशेने सरकला की मेंदू तो अर्थ "मी हलतोय" असाच लावतो. १९७४ मध्ये एडिंबरा विद्यापीठातले डेव्हिड ली आणि त्यांचे सहकारी यांनी एक खोली बनवली, जिच्या भिंती आणि छत हलायचं पण जमीन स्थिर. नुकतीच उभी राहायला लागलेली मुलं त्यात उभी केली आणि भिंत थोडी सरकवली तर मुलं डगमगली, काही पडलीसुद्धा, जमीन तसूभर न हलता. मोठ्या माणसात हा परिणाम बराच कमी होतो कारण पाय आणि कान म्हणतात, थांब, काही हललेलं नाही. म्हातारपणी तेच दोघे गप्प झाले की माणूस पुन्हा भिंतीचं ऐकायला लागतो. तुमच्या दोन्ही बाजूंनी जाणारी माणसं म्हणजे त्या सरकत्या भिंतीच समजा.

आणि ज्या डोळ्यांवर हा भार आलाय ते डोळेही ७१ वर्षांचेच आहेत. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, विशीत जेवढा उजेड डोळ्याच्या पडद्यावर पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. म्हणजे तरुण मुलाला पुरणारा उजेड तुम्हाला पुरत नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा राहू द्या, हे आजच करा.

"वयाप्रमाणे ठीक" हे उत्तर चुकीचं नाही हो, पण मला ते अर्धंच वाटतं, कारण वयाप्रमाणे जे कमी झालंय ते सरावाने पुष्कळसं भरून काढता येतं. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून, समोर जड खुर्ची ठेवून, घरात कुणीतरी जवळ असताना पाय जुळवून उभे राहा. आधी डोळे उघडे ठेवून अर्धा मिनिट. ते जमलं की डोळे मिटून ५ सेकंद, मग १०, मग २०. खुर्चीला बोट लावून सुरू केलं तरी चालतं. यात तुम्ही मेंदूला सांगताय की बाबा, पायाकडे आणि कानाकडे पण जरा लक्ष दे. तुमचं रोजचं चालणं उत्तम आहे, हृदयाला, मनाला, सगळ्याला, पण ओळखीच्या सपाट रस्त्यावर सरळ बघत चालताना तोलाला फार काम पडत नाही, म्हणून नुसतं चालणं तोलासाठी पुरत नाही. चालताना मधेच डोकं सावकाश उजवीकडे डावीकडे वळवून बघा, पहिल्या दिवशी पावलं वाकडी पडतील, दोन-तीन आठवड्यात फरक कळेल. आणि एकदा पायाचं स्पर्शज्ञान आणि बी-१२ तपासून घ्या.

ताई, आई ६६ वर्षांची आहे. डोळ्यांची तपासणी झाली, चष्म्याने सगळ्या ओळी वाचते, मोतीबिंदू नाही. पण टीव्हीवर खाली सरकणारी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणते, नातवाने टाकलेला चेंडू "एकदम समोर येतो" म्हणते, आणि रस्ता ओलांडायला तिला भीती वाटायला लागलीय. नंबर बरोबर असताना असं का?

कारण तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं हलत नाहीत! तक्ता स्थिर, आई खुर्चीत स्थिर, डोकं टेकवलेलं. त्यावरून कळतं की डोळा बारीक किती बघतो. हलत्या वस्तूच्या मागे नजर कशी जाते हे त्यात कळतच नाही.

एक करून बघा, तुम्ही स्वतः. बोट डोळ्यांसमोर धरा आणि जोरजोरात डावीकडे उजवीकडे हलवा, डोकं स्थिर. बोटाच्या रेघा पुसट होतात. आता बोट स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने डोकं हलवा. बोट स्वच्छ दिसतं! दोन्हीत बोट डोक्याच्या तुलनेत तेवढंच हलतंय, मग फरक का? दुसऱ्या वेळी काम कानाने केलं. डोकं वळल्याची खबर कानाकडून डोळ्याच्या स्नायूंपर्यंत सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात पोचते आणि डोळे उलट्या दिशेने तेवढेच फिरतात. पहिल्या वेळी काम नजरेने करायचं होतं, आणि त्याला वस्तू दिसणं, तिचा वेग ओळखणं, मग डोळ्यांना हुकूम देणं एवढा मोठा फेरा असतो, त्याला याच्या दसपट वेळ लागतो.

कानाची ही मदत केवढी मोठी आहे ते ती गेल्यावर कळतं. १९५२ मध्ये एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरने फक्त आद्याक्षरं देऊन स्वतःची कहाणी लिहिली होती, स्ट्रेप्टोमायसिनमुळे त्याचे दोन्ही कानांतले तोलाचे अवयव निकामी झाले होते. पलंगावर पडून वाचताना नाडीच्या ठोक्याने डोकं जेवढं हलतं तेवढ्यानेही अक्षरं उड्या मारायची, म्हणून तो पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं घट्ट टेकवून वाचायचा. मी हे शिकताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुन्न झाले होते.

तुमच्या आईचं इतकं काही नाही, घाबरू नका. वयाने नजरेचा पाठलाग मंद होतो एवढंच. तरुण डोळा सरकत्या वस्तूबरोबर अलगद सरकतो, जणू तिला चिकटलाय. वय वाढलं की डोळा थोडा मागे पडतो, मग पटकन उडी मारून वस्तू गाठतो, परत मागे पडतो, परत उडी. आणि ती उडी मारायला लागणारा वेळही वाढतो. उडीच्या क्षणी मेंदू चित्र जवळजवळ बंदच ठेवतो, त्यामुळे सरकती अक्षरं तुटक दिसतात आणि चेंडू मधला प्रवास गाळून "एकदम समोर" येतो. आईचे शब्द अगदी अचूक आहेत बघा. वस्तू किती वेगाने हलतेय हे ओळखणाऱ्या मेंदूच्या भागातही वयाने फरक पडतो, पण सगळं एकाच दिशेने बिघडतं असं नाही. २००५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की मोठी आणि ठळक पट्ट्यांची आकृती कुठल्या दिशेला सरकतेय हे ओळखायला वयस्कर लोकांना तरुणांपेक्षा कमी वेळ लागतो. तरुण मेंदू पार्श्वभूमीची मोठी हालचाल मुद्दाम दाबून टाकतो म्हणजे छोटी वस्तू उठून दिसावी, वयाने ही दाबायची ताकद कमी होते असा त्याचा अर्थ लावलाय. आता पहिल्या पत्रातल्या काकांची गर्दी आठवा, पार्श्वभूमी जास्त ओरडणार आणि छोटा चेंडू मागे राहणार.

रस्त्याचं मात्र गंभीरपणे घ्या. समोरून सरळ आपल्याकडे येणारी गाडी बाजूला सरकत नाही, ती फक्त मोठी होत जाते, आणि ते मोठं होणं सुरुवातीला इतकं बारीक असतं की वेग ओळखणं कुणालाही कठीण. वयस्कर माणसं मग वेगापेक्षा अंतरावरून ठरवतात, लांब आहे ना, चला. लांब पण जोरात येणारी गाडी तिथेच फसवते. आईला सांगा तुझी भीती खरी आहे, सिग्नल असेल तिथूनच ओलांड, दुभाजकावर थांबून दोन टप्प्यांत ओलांड, आणि ओलांडताना फोन किंवा गप्पा नकोत. चेंडूचा खेळ बंद करू नका प्लीज! मोठा, उठून दिसेल अशा रंगाचा, हलका चेंडू घ्या आणि जमिनीवरून टप्पा देऊन सावकाश टाका, नातवाबरोबरचा तो खेळ म्हणजे फुकटचा नजरेचा व्यायाम आहे.

वय ५८. एका पायावर १० सेकंद उभं राहता आलं नाही तर माणूस लवकर जातो असा व्हिडिओ पाहिला. मला ७ सेकंदच जमतं. झोप उडालीय.

झोप घ्या. ब्राझीलमधला अभ्यास आहे तो, २०२२ मध्ये आला, ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांचा. १० सेकंद न जमणारे साधारण पाचातले एक होते आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं हे खरं आहे. पण ज्यांना जमलं नाही त्यांच्यात डायबिटीस, हृदयविकार, जास्त वजन असलेले लोकही जास्त होते. संशोधकांनी हिशोबात वय आणि हे आजार धरले, तरी तोल न जमण्यानेच माणूस जातो असं त्यातून सिद्ध होत नाही, ते शरीराच्या एकूण तब्येतीचं एक माप आहे. तुमच्या वयात बहुतेकांना १० सेकंद जमतात, म्हणून ७ म्हणजे सराव सुरू करायची वेळ आली एवढंच. ओट्याला बोट टेकवून, दात घासताना, दोन्ही पायांवर आळीपाळीने. नजर समोर एका ठिपक्यावर ठेवा, लगेच दोन-तीन सेकंद वाढतील, आणि ते वाढले की समजून घ्या डोळे केवढं काम करतात ते.

प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला, वाचायला मस्त, पण जिना उतरताना पायऱ्या तरंगतात. सवय होईल म्हणतात, चार महिने झाले. वय ६९.

चार महिने पुष्कळ झाले. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलचा खालचा भाग हातभर अंतरावर वाचण्यासाठी असतो, आणि पायरी त्यापेक्षा खूप लांब, म्हणजे तुम्ही नेमक्या ज्या जागी पाय टाकणार तीच जागा धूसर. पायरीची कड आणि खोली दोन्ही चुकतात. ऑस्ट्रेलियात यावर चांगला प्रयोग झाला, २०१० मध्ये छापून आला, असे चष्मे वापरणाऱ्या वयस्कर लोकांतल्या अर्ध्यांना बाहेर जाताना वापरायला फक्त लांबच्या नंबरचा दुसरा चष्मा दिला. जे नेहमी बाहेर फिरणारे होते त्यांचं पडणं कमी झालं. पण जे क्वचितच बाहेर पडायचे त्यांचं बाहेर पडणं उलट वाढलं, म्हणजे धडपडणं म्हणतेय मी. तेव्हा तुम्ही रोज बाहेर जाणारे असाल तर चालण्यासाठी साधा लांबचा चष्मा वेगळा करून घ्या, क्वचित जात असाल तर आहे त्या चष्म्यानेच कठडा धरून हनुवटी खाली घेऊन उतरा म्हणजे नजर काचेच्या वरच्या भागातून जाईल. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी चिकटवा. मोतीबिंदू असेल तर तोही रेंगाळत ठेवू नका, ७० वर्षांवरच्या बायकांवर इंग्लंडमध्ये झालेल्या २००५ च्या अभ्यासात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलेल्यांचं पडणं थांबून राहिलेल्यांपेक्षा ३४ टक्के कमी होतं. ऑपरेशननंतर नंबर एकदम बदलला तर सुरुवातीचे दिवस जपून चाला, मेंदूला नवीन चित्राशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. वर बघितलं तरी होतं. आठ महिने चक्करच्या गोळ्या चालू आहेत, आता दिवसभर सुस्ती असते आणि चालताना झोक जातो. वय ६३.

तुमचं वर्णन वाचून बहुतेक हे खडे सरकल्याचं प्रकरण वाटतंय. कानातल्या पिशवीत चुन्याचे खडे असतात म्हटलं ना, वयाने ते सुटे होतात आणि एखाद्या नळीत, बहुतेक वेळा मागच्या, जाऊन पडतात. मग कुशीवर वळलं की खडे नळीत घरंगळतात, कान ओरडतो "डोकं फिरतंय", डोळे म्हणतात "नाही", आणि खोली फिरते. खडे खाली बसले की थांबते, म्हणूनच अर्धं मिनिट. पत्रावरून निदान होत नाही, पण कान-नाक-घसा डॉक्टर किंवा तोलाचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट पलंगावर पटकन झोपवून, डोकं एका बाजूला वळवून डोळ्यांची थरथर बघतात, दोन मिनिटांत कळतं. ते असेल तर इलाज गोळी नाही. डोकं ठराविक क्रमाने वळवून खडे परत पिशवीत आणायचे, जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये ही पद्धत नीट मांडली, बहुतेकांना एक-दोन वेळात बरं वाटतं. नळीत पडलेला खडा गोळीने कसा बाहेर येणार, सांगा.

आठ महिने गोळ्या याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे मी सारखं बघते. चक्कर दाबणाऱ्या बऱ्याच गोळ्या मेंदूला गुंगी आणतात, सुरुवातीच्या दोन-चार दिवसांसाठी त्या ठीक, पण महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचं स्वतःहून जुळवून घेणंच मंदावतं, आणि त्यातल्या काहींनी उतारवयात हातपाय कडक होणं, थरथर असं पार्किन्सनसारखं होऊ शकतं. मनाने एकदम बंद करू नका, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "ही अजून किती दिवस" असं स्पष्ट विचारा. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या असतील तर त्याही दाखवा. उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने उतरत असेल तर ती अंधारी वेगळी, तिचा कानाशी संबंध नाही, म्हणून बीपी झोपून आणि उभं राहून दोन्ही मोजायला सांगा.

हे सगळ्यांसाठीच सांगते, चक्कर अचानक आली आणि सोबत दोन-दोन दिसणं, बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, कधी झालं नाही असं डोकं दुखणं किंवा आधाराशिवाय उभंच न राहता येणं यातलं काहीही असेल तर मासिकाला पत्र लिहायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, तो स्ट्रोक असू शकतो.

बाबा ७८. तीन महिन्यांपूर्वी घरात पडले, फ्रॅक्चर नाही. तेव्हापासून आम्ही त्यांना एकटं उठू देत नाही, सगळं हातात देतो. पण आता ते आधीपेक्षा जास्त लटपटतात आणि चिडतात. आमचं काय चुकतंय?

दादा, तुमची काळजी चुकत नाहीये, पण खुर्ची चुकतेय. पडायच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून राहिला की मांड्या आणि पोटऱ्यांची ताकद जाते, त्यातही झटक्यात पाय पुढे टाकून सावरायचे जे वेगवान तंतू असतात ते वयाने आधीच कमी झालेले असतात, कानाला हालचाल मिळत नाही, नजर एकाच भिंतीवर. मग तीन महिन्यांनी उभं राहिलं तर तिन्ही वाटा सुस्तावलेल्या. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत घरच्यांनी प्रेमाने हेच केलं होतं, आणि मी तर यातलंच शिकलेली, तरी मला दोन महिने बोलता आलं नाही. म्हणून तुम्हाला मोकळेपणाने लिहितेय.

६५ च्या पुढच्या लोकांत दरवर्षी साधारण तिघातला एक पडतो, म्हणजे बाबा काही जगावेगळे नाहीत. आणि व्यायामाने पडणं कमी होतं याला पुरावा भक्कम आहे, २०१९ मध्ये १०८ चाचण्या एकत्र करून बघितलं तर व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण २३ टक्के कमी निघालं, आणि त्यात कामाचे ठरले ते तोलाचे आणि उठबस करायचे व्यायाम. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने घरच्या घरी करायचा कार्यक्रम बनवला तो ८० च्या पुढच्या लोकांनाही लागू पडला.

आधी एक-दोन दिवस नुसतं निरीक्षण करा. चालताना तुम्ही काही विचारलं तर बाबा उत्तर द्यायला थांबतात का? १९९७ मध्ये स्वीडनमध्ये हे बघितलं होतं, वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांपैकी १२ जण बोलताना थांबायचे, त्यातले १० पुढच्या सहा महिन्यांत पडले. थांबण्याचा अर्थ असा की चालणं आता आपोआप होत नाही, त्याला लक्ष द्यावं लागतंय. अशा वेळी चालताना हाका मारू नका, मागून तर मुळीच नको. दुसरं, पाय टाकताना त्यांची नजर बघा. इंग्लंडमधल्या काही प्रयोगांत दिसलंय की ज्यांना पडण्याचा धोका जास्त असतो ते पाय टेकायच्या आतच नजर त्या जागेवरून उचलून पुढच्या अडथळ्याकडे नेतात, भीतीपोटी, आणि मग पाऊल चुकीच्या जागी पडतं. बाबांना उंबऱ्यापाशी एवढंच सांगा, "पाय टेकेपर्यंत तिथेच बघा, मग पुढे."

मग सुरुवात खुर्चीपासून. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, पाच वेळा, दिवसातून तीनदा, नाही जमलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. ओट्याला धरून टाचा वर, मग चवडे वर. ओट्याला धरूनच बाजूला चालणं. हे आठवडाभर जमलं की नजरेचं घ्या, हातभर अंतरावर भिंतीवर एक ठळक अक्षर चिकटवा, बाबांनी खुर्चीत बसून त्यावर नजर खिळवून डोकं नाही-नाही म्हटल्यासारखं हलवायचं, अक्षर स्वच्छ दिसत राहील एवढ्याच वेगाने, अर्धा मिनिट. थोडं गरगरलं तर चालेल, बसून थांबलं की दोन-चार मिनिटांत गेलं पाहिजे, नाही गेलं तर वेग कमी करा. मान दुखत असेल किंवा मानेचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे विचारल्याशिवाय नको. बसून जमलं की मग उभं राहून. एकदा फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून सगळं बघून घ्या, कारण ७८ व्या वर्षी पहिल्या पंधरा दिवसांत जवळ जाणकार माणूस असलेला बरा.

घरात सुट्या वायरी आणि दुमडणाऱ्या चटया उचला, बाथरूममध्ये आडवा दांडा बसवा, पायात मागून बंद, पातळ आणि टणक तळव्याच्या चपला द्या, मऊ जाड स्लिपर नकोत कारण त्यात तळव्याला जमीन कळत नाही. आणि उद्या सकाळी त्यांचं पाणी त्यांच्या हातात नेऊन देऊ नका. टेबलावर ठेवा, त्यांना उठू द्या, तुम्ही एक हात अंतरावर उभे राहा, जरा मागे आणि बाजूला, धरायचं नाही, फक्त धरता येईल इतक्या जवळ.